काळ्या खेकड्याची फांदी

१२ फेब्रुवारी

दादा,

म्हणजे पुन्हा सगळं माझ्यावरच. मी सही करत नाही म्हणून घर अडलंय, मी सही करत नाही म्हणून तुझा गुडघा दुखतो, आणि उद्या आईला शिंक आली तरी ती माझ्या सहीपायीच येणार. तुझं पत्र तीनदा वाचलं. "जिथे तू राहत नाहीस तिथे तुझा जीव कशाला अडकलाय" हे वाक्य तुझं नाही. तू असं तोडून बोलत नाहीस. तू घसा खाकरतोस, इकडचं तिकडचं बोलतोस आणि उठून जातोस. हे कुणीतरी शिकवलेलं आहे. खाणवाल्याने, नाहीतर वहिनीने.

फोन कर म्हणतोस. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मागून वहिनी पुरवणी जोडते, मला ऐकू येतं. कागद बरा. लिहून दिलेलं कुणाला नाही म्हणता येत नाही.

तर लिहून देतो. ओढ्याकाठची जागा आपल्या दोघांच्या नावावर आहे आणि खाणवाल्याला ती द्यायला मी तयार नाही. त्याला डोंगर फोडायचाय. डोंगर फुटला की ओढा संपला. तुला बाजारात दुकान टाकायचं असेल तर खुशाल टाक, पण मला कधी परत यावंसं वाटलं तर पाय टेकायला जागा लागेल. कधी येणार, असं उलटं विचारू नकोस.

आता खरं बोलायचं ते. तुझा डबा काल इथे पोचला.

मी इथे काय करतो हे आईला नीट सांग, तिला वाटतं मी डॉक्टरच्या हाताखाली आहे. मी लॅबमध्ये बाटल्या धुतो, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो, फ्रीजर आवरतो आणि खेकड्याच्या पायातलं मांस चिमट्याने काढून बाईंना देतो. बाई म्हणजे त्याच, ओढ्यावर आल्या होत्या त्या. त्यांनी आपला काळा खेकडा बघितला आणि म्हणाल्या, हा दुसरीकडे कुठे नसेलही. तेवढ्यावर सरकारने खाण थांबवली. आता ठरवायचं एवढंच आहे, की तो खरंच वेगळा आहे, की बाजारात मिळतो तोच तपकिरी खेकडा काळ्या दगडात राहून काळा पडलाय. वेगळा निघाला तर डोंगर वाचला. नाही निघाला तर खाणवाल्याचं यंत्र दुसऱ्या दिवशी दारात.

आणि तो खेकडा पकडून पाठवायचं काम बाईंनी दिलं कुणाला, तर तुला. ज्याला जागा विकायची आहे त्यालाच. मी तेव्हा गप्प बसलो, कारण माझीही नोकरी नवी होती.

काल डबा उघडला. बर्फ बरोबर, ओलं शेवाळ बरोबर, खेकडे काळे, तेही बरोबर. पण नांग्या बांधल्यात हिरव्या प्लास्टिकच्या पट्टीने, दोन वेढे आणि वरून पिळा. दादा, असे खेकडे बाजारात विकणारे बांधतात. आपण जन्मात कधी नांगी बांधली नाही, आपण पाठीवरून धरतो. त्या पट्ट्या मी कापल्या आणि खिशात ठेवल्या. बाईंना दाखवल्या नाहीत. अजून नाही.

तेवढं एक कळव. पट्टी कुठून आली?

२ मार्च

दादा,

पंधरा-वीस दिवसांत एक ओळ नाही. बरं. मग मीच सांगतो इथे काय झालं.

आधी ही मंडळी करतात काय ते समजून घे, नाहीतर म्हणशील धाकट्याने काहीतरी ऐकलं आणि उठला. प्रत्येक जिवाच्या अंगात एक मजकूर असतो. अक्षरं चारच, पण मजकूर एवढा लांब की वाचायला मशीन लागतं. तो आईबापाकडून पोरांकडे उतरतो, आणि उतरवताना मधेमधे चूक होते. ती चूक पुढे पोरांच्या पोरांत तशीच जाते. तुला आठवतं, मास्तर वह्या तपासायचे तेव्हा उत्तर बरोबर आलं यावरून काही ओळखायचे नाहीत. चूक कुणाची सारखी आहे ते बघायचे. चार पोरांनी एकाच ठिकाणी एकच चूक केली की चौघांनी एकाच वहीतून उतरवलंय हे उघड. इथे तेच करतात, वह्यांच्या जागी खेकडे. ज्यांच्या चुका सारख्या ते जवळचे, एका फांदीवर. चुका वेगळ्या तर फांदी वेगळी. असं करत झाड तयार होतं. झाडाचं मूळ कुठे ते कळावं म्हणून एक पार लांबचा खेकडा मुद्दाम आणून शेजारी बसवतात. तो कुणाचाच नसतो, पण त्याच्यावाचून कोण कुणाचं ते कळत नाही. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आपल्या घरात ती जागा माझी.

हे झाड कॉम्प्युटरवर काढतो एक चष्मेवाला. बारीक आवाजाचा माणूस, खुर्चीत पाय वर घेऊन बसतो. त्याने काल कागद काढून भिंतीला लावला. बाई त्याला म्हणाल्या, "हा कच्चा आहे, तसं लिही वर." त्याने लिहिलं. मी फरशी पुसत होतो, पुसत पुसत जवळ गेलो.

काळा खेकडा वेगळ्या फांदीवर नाही. तपकिरी खेकड्यांच्या घोळक्यात मधोमध बसलाय. इकडे बाजारातला, तिकडे बाजारातला, मधे तुझ्या डब्यातला. सगळ्यांच्या चुका सारख्या.

मी बाईंना विचारलं, "म्हणजे तो तोच?"

म्हणाल्या, "या कागदावर तरी तोच दिसतोय. घाई करू नकोस."

घाई मी नाही करत. मी जोडून बघतो. हिरवी पट्टी बाजाराची. खेकड्याचं घराणं बाजाराचं. काळा रंग कसा आला तेवढं तू सांग. भांड्याच्या बुडाची काजळी असती तर धुताना माझ्या हाताला लागली असती, म्हणून तो प्रश्न अजून सुटलेला नाही. पण सुटेल.

आणि नवे पत्रे. आपल्या घरावर नवे लाल पत्रे चढलेत असं मला खांबाने कळवलं. खांब म्हणजे आपला लाइनमन, त्याला खांब नाव मीच पाडलं होतं, कारण तो उभा राहिला की वर तारच दिसायची बाकी. तो विजेच्या तारा बघायला तुझ्या दारावरून जातो आणि त्याला सगळं दिसतं. पत्र्याला पैसे लागतात. माझ्याकडून गेले नाहीत. मग कुणाकडून आले?

सरळ विचारतो. खाणवाल्याने तुला किती दिले?

२१ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पावती. "पत्रे जुन्या गोठ्याचे आहेत, रंग दिलाय. पट्टी तुझ्या वहिनीने बांधली. किती दिले ते त्यालाच विचार." एवढंच. वर आशीर्वाद नाही, खाली आईची खुशाली नाही.

खांबाला विचारलं. तो म्हणतो, गोठा उघडाच पडलाय, पत्रे असतीलही तिथलेच, पण रंग इतका ताजा की लांबून डोळे फिरतात. बरं, पत्रे सोडून दिले. पट्टीचं मात्र मला स्वतःला आठवायला हवं होतं असं तुला वाटत असेल. वहिनीच्या माहेरी खेकडे विकायचे, त्यामुळे तिचा हात तसाच वळणार. मान्य. पण मग मला सांग, ज्या घरात खेकडे विकतात त्या घरातून टोपलीभर मागवायला किती वेळ लागतो? तुला वाटलं उत्तर दिलंस आणि शंका मिटली. मला तर आणखी एक दार उघडं दिसलं.

असू दे. आता माझं राहू दे बाजूला, कामाचं ऐक. बाईंना तुझ्याकडून पुन्हा खेकडे हवेत, आणि या वेळी साक्षीदारासमोर पकडलेले. तसं पत्र त्यांच्या ऑफिसातून तुला वेगळं येईल. नमुने आणणाऱ्याचीच जागा तिथे आहे आणि ती विकायला काढलीय, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. मोठ्या ठिकाणी अशा गोष्टी फिरतात. त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही.

साक्षीदार म्हणून खांब चालेल असं मी सुचवलं. सरकारी माणूस आहे आणि त्याला कुणाचं देणंघेणं नाही. खेकडे खालच्या डोहातले नकोत. तिथे कुणीही काहीही सोडू शकतो, बादली उपडी केली की झालं. वरच्या डोहातले हवेत, कपारीतले, जिथे बाबा आपल्याला दोरीला बांधून न्यायचे तिथले. तिथे माणूस खेकडे सोडायला चढणार नाही.

गुडघ्याचं ठाऊक आहे. तुझा गुडघा जागा विकायचं निघालं की दुखतो आणि ओढ्यात उतरायचं निघालं की दुखतो, एवढं माझ्या लक्षात आलंय. खांबाला पुढे चढू दे, तू मागून ये. पण हात तुझाच लागला पाहिजे, कारण कुठल्या कपारीत असतात ते तुलाच माहीत.

पकडलास की लगेच त्याच्यासमोर डबा बंद कर. कागद चिकटवून त्यावर त्याची सही घे. वहिनीला बांधायला देऊ नकोस.

११ एप्रिल

दादा,

डबा आला. खांबाची सही आहे. नांग्या मोकळ्या आहेत, त्यामुळे दोन खेकड्यांनी एकमेकांचे पाय तोडलेत, बाईंना काही फरक पडत नाही, मांस ते मांस.

पण डब्यावरचा पत्ता वहिनीच्या अक्षरात का? तू का लिहिला नाहीस? खांबाला फोन केला तर म्हणाला, "डबा मिळाला ना, मग झालं," आणि ठेवून दिला. हा माणूस एरवी अर्धा तास सोडत नाही, शेजारच्या मांजरीला किती पिल्लं झाली तेही सांगतो. त्याला काय झालं? तुम्ही सगळ्यांनी मिळून काय ठरवलंय?

आणि ऐक, हे महत्त्वाचं. दुसऱ्या डब्याचाही कागद भिंतीला लागला. पुन्हा तेच. काळा खेकडा तपकिरींच्या मधोमध. साक्षीदार ठेवून, वरच्या डोहातला, आणि तरी बाजाराचा.

दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, खांब फुटला. मग वाटलं, खांबाला फोडून खाणवाल्याला काय मिळणार, लाइनमन सही करेल पण कॉम्प्युटर कसा करेल? म्हणजे कॉम्प्युटरवाला फुटलाय. चष्मेवाल्याचा फोन दुपारी वाजतो आणि तो जिन्यात जाऊन बोलतो. मी जिना पुसायला घेतला. तो म्हणत होता, "आज शक्यच नाही, पुढच्या महिन्यात देतो, शब्द देतो."

मी बादली खाली ठेवली आणि विचारलं, "काय देणार आहात पुढच्या महिन्यात? रिपोर्ट?"

त्याने फोन खिशात टाकला. "भाडं," म्हणाला. "घरमालक आहे. का, तू भरतोस?"

"खाणवाल्याला ओळखता तुम्ही?"

"मला माझ्या मजल्यावरचा शेजारी ओळखत नाही. चल वर, तुझ्या पोटात काय दुखतंय ते सांग."

वर नेऊन त्याने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः टेबलावर बसला. मी सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही, पण खेकड्यांपुरतं सगळं. तो हसला नाही, हे मला आवडलं. म्हणाला, "कागदावर कच्चा लिहिलंय ते तू वाचलंस ना? मग कच्चा म्हणजे काय, हे का नाही विचारलंस?"

मला वाटलं होतं, बाई वेळ काढायला तसं म्हणतात.

झालंय असं, की आतापर्यंत मशीनने सगळा मजकूर वाचलेलाच नाही. एक छोटा तुकडा वाचलाय. तो वाचायला स्वस्त आणि झटपट, म्हणून सगळे आधी तोच वाचतात. आणि तो तुकडा बापाकडून येतच नाही. नर असो मादी असो, तेवढा एक धागा आईकडून येतो, तिला तिच्या आईकडून. चष्मेवाला म्हणाला, "एका धाग्यावरून नुसती आईची आई, तिची आई, एवढंच कळतं. घराणं म्हणजे तेवढंच असतं का? बाकी मजकूर हजारो तुकड्यांचा आहे. प्रत्येक तुकडा आपापलं झाड सांगतो, आणि बहुतेक तुकडे काय म्हणतात ते बघायचं. ते वाचायला टाकलंय. रांग आहे."

"कधी कळेल?"

"रांग आहे म्हटलं ना."

दोन्ही डब्यांतले खेकडे वाचायला टाकलेत. पहिल्या डब्यातले, पट्टीवालेसुद्धा. त्यांचे पाय फ्रीजरमधून मीच काढून दिले, त्यामुळे तिथे अदलाबदल झालेली नाही, याची खात्री मला आहे. बाकी खात्री कशाचीच नाही. पहिला डबा बाजारचा आणि दुसरा डोहातला असेल, तर आता दोघांच्या फांद्या वेगळ्या निघतील आणि तू पकडला जाशील. हे तुला आधीच सांगून ठेवतो, मागून म्हणू नकोस की धाकट्याने पाठीमागून केलं.

तू स्वतःच्या हाताने चार ओळी लिही. वहिनीच्या नकोत.

१९ एप्रिल

दादा,

तू पडलास हे मला खांबाने सांगावं?

तेही मी खोदून काढलं म्हणून. मी म्हटलं, तू काहीतरी लपवतोयस, खाणवाल्याचे पैसे खाल्लेस. त्यावर तो पेटला. म्हणाला, "पैसे? तुझ्या भावाला पाठीवर घेऊन मी डोंगर उतरलोय, आणि खाली आल्यावर त्याने मला शपथ घातली की त्या वेड्याला कळवू नको, नोकरी सोडून धावत येईल." मग त्याने आणखी बऱ्याच शिव्या दिल्या, त्या तुला सांगत नाही, तुला त्यातल्या निम्म्या घरातूनच माहीत आहेत.

मांडीचं हाड. प्लास्टर कमरेपर्यंत. वरच्या डोहाच्या कडेला, खेकडा हातात असताना. खांब म्हणतो, पडताना तू हात मोकळा करायचा सोडून डबा धरून ठेवलास.

मी धावत आलो असतो की नसतो, हे कोण ठरवणार, तू? माझी रजा, माझी नोकरी, माझं मी बघेन.

आणि खरं काय ते मला अजूनही कळत नाही. तू मला कळवलं नाहीस ते मला त्रास नको म्हणून, की पुढे कधी सहीचा विषय निघाला की हे प्लास्टर माझ्यापुढे ठेवता यावं म्हणून? मी असा विचार करतो, हे मला आवडतं असं नाही. पण डोकं तिकडेच जातं. आज तीन बाटल्या फोडल्या.

आईला कोण बघतंय?

१० मे

दादा,

वहिनीचं पत्र आलं. मी तिच्या हाताने लिहू नको म्हटलं होतं, तरी तिनेच लिहिलं, आणि बरं झालं. तू सात जन्मांत लिहिलं नसतंस. ती लिहिते की तू पहिला डबा पाठवलास त्याच्या आदल्या आठवड्यात खाणवाला घरी आला होता. बादली घेऊन. बादलीत बाजारचे खेकडे होते, काळपटच निवडलेले. तो म्हणाला, एवढेच डब्यात घाला, बाकी काही करायचं नाही. तू त्याला चहा दिलास, आणि चहा संपल्यावर बादली त्याच्या गाडीत ठेवून आलास.

हे वाचून मी पहिल्यांदा काय केलं सांगू? ही गोष्ट खरी आहे का, ते खांबाला विचारलं. त्याने गाडी पाहिली होती. बादली पाहिली नव्हती. मी म्हटलं, म्हणजे पुरावा नाहीच. यावर तो माझ्याशी बोलायचा बंद झालाय.

पण पुरावा परवा भिंतीवर लागला.

या वेळी कागद मोठा होता. दोन जोडून लावावे लागले. वर कच्चा लिहिलेलं नव्हतं. बाईंनी मला फरशी सोडून बोलावलं आणि म्हणाल्या, "तूच शोध." खाली तपकिरी, बाजारातले, निरनिराळ्या नद्यांचे, सगळे एका झुपक्यात. त्यांच्यापासून बरंच वर, एक लांब फांदी एकटीच निघाली होती, आणि तिच्या टोकाला आपले काळे. हजारो तुकडे वाचले, त्यातल्या बहुतेकांनी हेच सांगितलं. तो वेगळा आहे, दादा. आणि एवढा वेगळा, की दोघांची फाटाफूट झाली तेव्हा माणूस नावाची गोष्टच नव्हती.

मी त्या टोकाच्या चिठ्ठ्या वाचल्या, कारण त्या मीच चिकटवल्या होत्या. पहिला डबा आणि दुसरा डबा. शेजारी शेजारी. त्यांच्यात फरक किती, तर सख्ख्या शेजाऱ्यांत असतो तेवढा. हिरव्या पट्टीचे खेकडे तुझ्या ओढ्यातलेच होते.

म्हणजे तू वरच्या डोहाला चढायची काही गरज नव्हती.

हे वाक्य मी लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. राहू दे.

मग तो आईकडचा धागा बाजारच्या खेकड्यांसारखा का, ते मी विचारलंच. मला वाटलं, इथे तरी काहीतरी पाणी मुरत असेल. बाईंनी सांगितलं ते असं. फार फार पूर्वी ओढा खालच्या नदीला कधीतरी मिळाला असेल. नदीतली एक तपकिरी मादी वर चढून आली आणि आपल्या काळ्यांच्यात नांदली. तिच्या लेकी इथेच राहिल्या, त्यांच्याही लेकी. दर पिढीला नर इथलाच, त्यामुळे तिचं बाकीचं सगळं हळूहळू पुसलं गेलं, फक्त आईकडून येणारा तो एक धागा तेवढा टिकला. पुढे तो सगळ्या ओढ्यात पसरला. आपण तेवढाच वाचला आणि म्हटलं, ही तर सगळी परकी मंडळी. हे वहिनीला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

बाई रिपोर्ट पाठवतायत. चष्मेवाला म्हणतो, आता खाणवाला कोर्टात गेला तरी हे झाड पाडणं अवघड आहे. म्हणजे डोंगर राहिला. म्हणजे तुझं दुकान गेलं. जागेला आता कुणी गिऱ्हाईक येणार नाही, माझी सही असो नाहीतर नसो. मला जे हवं होतं ते मला मिळालं, आणि ते तू मिळवून दिलंस, तुझ्या विरुद्ध. हे मला अजून नीट गिळता येत नाही.

वहिनीचं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी तिला उलट पत्र टाकून विचारलं होतं. त्याला विकायचंच होतं तर बादली परत का केली? एवढा कसला देवमाणूस? तिचं उत्तर काल आलं. तुला तिने हाच प्रश्न विचारला तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून म्हणालास, "डबा उघडणारा आपला धाकटा आहे. लबाडी उघडकीला आली असती तर पहिली त्याचीच नोकरी गेली असती. दोघे भाऊ, एक भरतो, एक उघडतो, त्याला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणालं असतं?"

हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. एवढे दिवस कोण कोणाला सामील आहे हेच मी शोधत होतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला सामील दिसलो असतो ते आपण दोघे.

तिने हेही लिहिलंय की साक्षीदाराचं पत्र आलं त्या दिवसापासून तू एकच गोष्ट विचारतोस, बाईंच्या कानावर कुणी घातलं. दादा, या चार मजल्यांच्या इमारतीत आपली जागा कुठे आहे आणि ती कुणाला विकायची आहे हे माहीत असलेला माणूस एकच आहे. तो फरशी पुसतो. आणखी काय लिहू?

बाईंना मी काल सांगितलं की नमुने आणणारा पडला तो कामावर असताना पडला, आणि का चढला तेही सांगितलं.  त्या म्हणाल्या, लॅबकडून काही मिळतं का ते बघते, पण वेळ लागेल. मी वेळेची वाट बघत नाही. रजा मागितलीय, मिळाली तर येईन. मिळाली नाही तरी येईन असं लिहिणार होतो, पण मग तू म्हणशील वेडा तो वेडाच.

प्लास्टर काढताना हाड नीट जुळलंय का ते दुसऱ्या डॉक्टरलाही दाखव. एकाच्या बोलण्यावर जाऊ नकोस. हे मी संशयाने नाही म्हणत. बरं, म्हणतोय संशयानेच, पण तुझ्यासाठी.

एरवी मी घरचे पैसे खांबाकडे पाठवतो आणि पोचले म्हणून आईचा अंगठा मागवतो, हे तुला माहीत आहे आणि तू कधी त्यावर बोलला नाहीस. या वेळी तसं नको. वहिनीच्या खात्यावर टाकतोय. पोच नको, हिशेब नको, कुठे गेले ते मी कुणाला विचारणार नाही. अठरा हजार.